किती टक्के? त्याआधी, कशाचे टक्के?

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावरचे निर्यातशुल्क ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणले. ही बातमी नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहावी आणि विचारावे, शुल्क किती टक्क्यांनी कमी झाले? पहिल्या फटक्यात उत्तर येईल, वीस. थोडा थांबून विचार करणारा म्हणेल, शुल्क निम्मे झाले, म्हणजे पन्नास. वडिलांबरोबर बाजार समितीत जाणारा एखादा तिसरेच विचारेल : परदेशातल्या गिऱ्हाइकाला माल किती स्वस्त पडला? शंभर रुपयांचा माल शुल्कासह आधी १४० ला पडायचा, कपातीनंतर १२० ला पडू लागला. १४० मागे २० ची घट, म्हणजे साधारण १४.३ टक्के. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. निर्णय एकच, पण प्रत्येकाने मोजायला सुरुवात केली ती वेगळ्या जागेवरून.

शेकडेवारीतली वाढ-घट शिकवण्याची सगळी अडचण या एका बातमीत सापडते. गुणाकार-भागाकारात पक्की असलेली मुलेही इथे चुकतात, कारण अडते ते आकडेमोडीपाशी नाही. टक्के कशाचे काढायचे हे ठरवण्यापाशी. मराठी शाळांनी हा भाग आजवर कसा शिकवला, आजची पुस्तके काय करतात, मुले कुठे अडखळतात आणि शिक्षकाच्या हाताशी कोणत्या पद्धती आहेत, याचा हा आढावा आहे. त्यातून निघणारे म्हणणे थोडक्यात असे : मूळ रक्कम कोणती ते मुलाने स्वतः ठरवावे आणि वाढ-घट म्हणजे 'पट' असते हे त्याला दिसावे, या दोन गोष्टी सूत्राच्या आधी यायला हव्यात. आज त्या सूत्रानंतर येतात, किंवा येतच नाहीत.

शेकडा जुनाच, सवायकी विसरलेली

शंभरामागे हिशेब करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'त पंचराशिकाचे एक उदाहरण आहे : शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळाला वर्षाला किती? उत्तर, नऊ पूर्णांक तीन पंचमांश. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, त्यामुळे हे गणित आपल्याच टापूशी नाते सांगणारे. उदाहरणाची मांडणी पाहण्यासारखी आहे. 'पाच टक्के' असे सुटे विधान त्यात नाही. कशाला, किती काळाला आणि किती, हे सगळे वाक्यातच आहे. व्याजाच्या हिशेबातले 'दरसाल दरशेकडा' हेही त्याच जातीचे. टक्क्याचे सुटसुटीत चिन्ह आले तेव्हा लिहिणे सोपे झाले, पण 'कशाला' हा शब्द वाक्यातून गळाला. शिक्षकाला आज तोच परत आणावा लागतो.

दुसरी परंपरा अपूर्णांकांच्या पाढ्यांची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे जुन्या शाळांत तोंडपाठ करून घेत. सवायकी म्हणजे सव्वाने गुणणे; आजच्या भाषेत २५ टक्के वाढ. पाऊणकी म्हणजे २५ टक्के घट. सवायकीत चाराचे पाच होतात, पाऊणकीत चाराचे तीन. हे पाठ असलेल्या माणसाला वाढ वेगळी काढून मुळात मिळवण्याची गरजच नसे. तो थेट नव्या रकमेवर पोचे. शिवाय एक खोल गोष्ट त्याला आपोआप दिसे. पाऊणकीने चाराचे तीन झाले, तर तिनाचे पुन्हा चार करायला सवायकी पुरत नाही. तिनाचे सव्वापट पावणेचारच होतात. पंचवीस टक्के उतरलेले पंचवीस टक्के चढून भरून येत नाही, हा आजच्या आठवीच्या मुलाला कोड्यात टाकणारा मुद्दा पाढ्याच्या दोन ओळींत उभा राहतो.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणे-पै गेले आणि हे पाढे हळूहळू शाळेबाहेर पडले. त्याबद्दल गळे काढण्याचे कारण नाही. पाठांतराचे ते ओझे मोठे होते, आणि वाढीदिढीने, म्हणजे दीडपट परत घेण्याच्या बोलीवर, धान्य देणाऱ्या सावकाराला जे चटकन कळे ते घेणाऱ्या कुळाला कळत नसे, म्हणून तर तो व्यवहार चाले. पण पाढ्यांबरोबर 'पट' म्हणून विचार करायची सवयही गेली. दशमान पद्धतीत १.२५ ने गुणणे सवायकीहून सोपे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते पाठ्यपुस्तकात फार उशिरा येते.

पुस्तकाची शिडी

बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकांत हा विषय सहावीपासून दहावीपर्यंत पायरीपायरीने चढतो. सहावीत गुणोत्तर-प्रमाणानंतर शतमान आणि लगेच नफा-तोटा. सहावी-सातवीत बँक व सरळव्याज. आठवीत सूट व कमिशन आणि पुढे चक्रवाढ व्याज. नववी-दहावीत अर्थनियोजन : प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर, शेअर. क्रम चांगला आहे, उदाहरणे व्यवहारातली आहेत आणि गुणोत्तरावरून शतमानाकडे जाण्याची वाटही योग्य आहे.

उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. प्रत्येक पाठात मूळ रक्कम कोणती हे पुस्तक आधीच सांगून ठेवते. नफा-तोटा खरेदी किमतीवर. सूट छापील किमतीवर. कर करपात्र किमतीवर. लाभांश शेअरच्या दर्शनी किमतीवर, तर परताव्याचा दर गुंतवलेल्या रकमेवर. हे सगळे संकेत बरोबर आहेत आणि व्यवहारात तसेच चालतात. पण मुलगा ते नियम म्हणून पाठ करतो. पाठाचे नाव वाचले की भाजक कोणता हे त्याला कळते. उदाहरण वाचायची गरज उरत नाही. मग शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेत किंवा वर्तमानपत्रात पाठाच्या नावाशिवाय वाढ-घट समोर आली की तो गोंधळतो. 'वाढ किती टक्के' एवढाच प्रश्न, खरेदी-विक्रीचा शिक्का नसलेला, त्याने फारसा सोडवलेलाच नसतो.

दहावीचा शेअरचा भाग याला अपवाद ठरू शकतो. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर बाजारात दोनशेला घेतला आणि कंपनीने शंभर टक्के लाभांश दिला, तर हातात दहा रुपये येतात. गुंतवणुकीवर परतावा पाचच टक्के. 'शंभर टक्के' आणि 'पाच टक्के' एकाच दहा रुपयांचे वर्णन करतात. मूळ रक्कम बदलली की टक्का बदलतो हे दाखवायला याहून नेमके उदाहरण मिळणार नाही. पण ते दहावीत, परीक्षेच्या घाईत येते आणि सूत्रात विरून जाते.

पटीचेही तसेच. 'एक अधिक दर भागिले शंभर' हा गुणक मुलांना पहिल्यांदा ठळकपणे भेटतो तो आठवीत, चक्रवाढ व्याजाच्या सूत्राच्या पोटात. लोकसंख्येची वाढ आणि वाहनाच्या किमतीतली घट या उदाहरणांनाही तेच सूत्र लावून दाखवले जाते. म्हणजे वाढ-घटीचे सर्वांत सोपे हत्यार सर्वांत अवघड दिसणाऱ्या सूत्रात दडलेले. सहावीतल्या मुलाला १५ टक्के वाढ म्हणजे १.१५ पट हे कळण्याइतके दशांश अपूर्णांक आलेले असतात. दोन वर्षे वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

मुले कुठे अडखळतात

या पाठाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना काही चुका ओळखीच्या असतात. एक चूक जवळून पाहू. उदाहरण असे : २० टक्के सूट मिळून बूट ६४० रुपयांना पडले, तर छापील किंमत किती? वहीत उत्तर दिसते : ६४० चे २० टक्के १२८, ६४० अधिक १२८ बरोबर ७६८. आकडेमोडीत एकही चूक नाही, अक्षर सुबक, खाली दोन रेघा. ताळा केला तर मात्र बिंग फुटते. ७६८ वर २० टक्के सूट १५३ रुपये ६० पैसे, उरतात ६१४ रुपये ४० पैसे. बूट तर ६४० चे आहेत. मुलाने सूट उलटी फिरवली, पण ती नव्या किमतीवरून फिरवली. ६४० हे मूळ किमतीचे ८० टक्के आहेत, म्हणजे मूळ ६४० भागिले ०.८, बरोबर ८००. या वहीवर लाल फुली मारून पुढे जाणे सोपे. पण ती चूक वर्गात फळ्यावर मांडली आणि ताळा मुलांकडूनच करून घेतला, तर एका तासात जे कळते ते दहा बरोबर उदाहरणांनी कळत नाही.

दुसरी चूक टक्क्यांची बेरीज करण्याची. २० टक्के सूट, वर आणखी १० टक्के. मुले म्हणतात ३०. शंभराचे ऐंशी, ऐंशीचे बहात्तर. सूट २८ टक्केच. ही चूक मुलांचीच असती तर चिंता नव्हती. हैपेंग चेन आणि अक्षय राव यांनी २००७ मध्ये ग्राहकांच्या वागण्यावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठी माणसेही लागोपाठच्या सुटींची सरळ बेरीज करतात आणि म्हणून दुहेरी सूट त्यांना अधिक भुरळ घालते, असे दिसले. पुढे २०१२ मध्ये त्यांच्याच सहभागाने झालेल्या अभ्यासात 'त्याच किमतीत ५० टक्के जादा माल' ही जाहिरात लोकांना 'किमतीत ३३ टक्के सूट' यापेक्षा सरस वाटली. हिशेब केला तर दोन्हींत दर नगामागचा भाव जवळपास सारखाच उतरतो.

तिसरी चूक टक्क्यांतला फरक आणि टक्क्यांनी झालेला बदल यांची गल्लत. चौथी शंभराच्या वरच्या टक्क्यांची : भाव दुप्पट झाला म्हणजे १०० टक्के वाढला, तिप्पट झाला म्हणजे २०० टक्के, हे पटायला वेळ लागतो, आणि किंमत शंभर टक्क्यांहून जास्त घसरू शकत नाही हे बातम्या लिहिणारेही कधी कधी विसरतात. पाचवी वाचनाची. '२० टक्क्यांनी उतरले' आणि '२० टक्क्यांवर उतरले' यांत एका प्रत्ययाचा फरक. भाषेच्या तासाला त्याकडे लक्ष देतात, गणिताच्या तासाला कुणी देत नाही. शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून घेणे हा त्यावर बिनखर्चाचा उपाय.

पद्धतींची तुलना

शिक्षकाच्या हाताशी ढोबळमानाने पाच रीती आहेत. एकच उदाहरण घेऊन त्या पाहता येतील : वीजबिल ८०० वरून ९२० झाले, वाढ किती टक्के?

पहिली एकमान पद्धत किंवा त्रैराशिक. ८०० मागे वाढ १२०, तर १०० मागे किती? पंधरा. हिचा मोठा गुण असा की मूळ रक्कम वाक्यात उच्चारली जाते, 'मागे' या शब्दाला चिकटून. मराठी शाळांत हीच सर्वांत रुजलेली आहे आणि ती सोडू नये. मर्यादा अशी की लागोपाठच्या बदलांत ती लांबत जाते आणि उलट्या उदाहरणात मुलाला कुठून सुरू करावे ते सुचत नाही.

दुसरी सूत्राची. वाढ भागिले मूळ, गुणिले शंभर. परीक्षेला सोयीची, पण विचार न करता वापरता येते हाच तिचा दोष. 'मूळ'च्या जागी कोणती संख्या टाकायची हे सूत्र सांगत नाही.

तिसरी पटीची. ९२० भागिले ८०० बरोबर १.१५, म्हणजे १५ टक्के वाढ. वाढवायचे तर गुणा, मागे जायचे तर भागा, लागोपाठ बदल असतील तर गुणक एकमेकांना गुणा. बुटांचे उदाहरण एका भागाकाराचे होते. दुहेरी सूट म्हणजे ०.८ गुणिले ०.९, बरोबर ०.७२. एकाच कल्पनेत सुलटे, उलटे आणि लागोपाठचे असे तिन्ही प्रकार बसतात. दशांश अपूर्णांकांची भीती असलेल्या मुलाला मात्र ती आधी परकी वाटते, म्हणून तिच्या आधी चित्र हवे.

ते चित्र म्हणजे चौथी रीत, पट्टीची. फळ्यावर आडवी पट्टी काढायची. वरच्या कडेला रुपये, खालच्या कडेला टक्के. ८०० च्या खाली १००, ८० च्या खाली १०, ४० च्या खाली ५. १२० कुठे बसतात ते मुले स्वतः शोधतात. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तच्या फ्रॉइडेंथाल संस्थेत घडलेल्या गणितशिक्षणाच्या विचारात ही टक्क्यांची पट्टी मध्यवर्ती आहे. मार्या व्हान डेन ह्यूवेल-पानहाउझेन यांनी २००३ मध्ये तिचा प्रवास सविस्तर मांडला : आधी ती प्रसंगाचे चित्र असते, मग अंदाज बांधायचे साधन होते, शेवटी आकडेमोडीची चौकट. सिंगापूरने १९८० च्या दशकात प्राथमिक गणितात आणलेली पट्टीचित्रांची रीतही याच कुळातली. दोन्हीकडे एक गोष्ट समान : शंभर टक्के म्हणजे कोणता तुकडा, हे पट्टीवर खूण केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

पाचवी रीत क्लासमधल्या 'ट्रिक'ची. दोन लागोपाठ बदलांसाठी दोघांची बेरीज, अधिक गुणाकार भागिले शंभर. वाढ अधिक, घट उणे. १० टक्के वाढ, मग १० टक्के घट : १० उणे १० उणे १, म्हणजे एक टक्का घट. हे चूक नाही. पटीचा कंस उलगडला की हेच मिळते. भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्याला ते उपयोगी आहे. पण कंस न उलगडता दिलेली ट्रिक तीन बदलांचे उदाहरण आले की कोलमडते. १.१ गुणिले ०.९ हे मुलांनी आधी करून पाहावे आणि ट्रिक त्यांनीच शोधावी.

या विषयावरचे संशोधन धुंडाळणारा मेलनी पार्कर आणि गाया लाइनहार्ट यांचा १९९५ चा आढावा आजही वाचण्यासारखा आहे. टक्का कधी अपूर्णांक असतो, कधी गुणोत्तर, कधी तुलनेचे माप, कधी संख्येवर करायची क्रिया. आणि त्याची भाषा इतकी आटोपशीर की यांतला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे वाचणाऱ्याला ओळखावे लागते, असा त्यांचा सूर आहे. म्हणून पाचांपैकी एकच रीत निवडायची असा हा वाद नाही. क्रम ठरवायचा आहे : पट्टी, मग 'मागे', मग पट, सूत्र आणि ट्रिक त्यांतून आपोआप पडतात.

नाशिकचा कच्चा माल

उदाहरणे गाइडमधून उचलण्याची गरज या जिल्ह्याला तरी नाही. कांद्याच्या चाळीपासून सुरुवात करता येईल. समजा, शेतकऱ्याने उन्हाळ कांदा १,५०० रुपये क्विंटल भाव असताना न विकता १०० क्विंटल चाळीत भरला. काही महिन्यांत वाळून आणि सडून २५ टक्के घट आली. नुसती बरोबरी साधायला भाव किती टक्के वाढायला हवा? पंचवीस म्हणणारा शेतकरी तोट्यात जाईल. ७५ क्विंटलात दीड लाख रुपये हवेत, म्हणजे भाव २,०००. वाढ ३३ पूर्णांक एक तृतीयांश टक्के. पाऊणकीने उतरलेले सवायकीने भरत नाही, हे चाळ असलेल्या घरातल्या मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही. चाळीचा खर्च आणि मजुरी या हिशेबात अजून आलेली नाही. ती मुलांनी घरी विचारून आणावी.

धरणांचे आकडे पावसाळ्यात रोज छापून येतात. गंगापूर धरणाची साठवण क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. साठा ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेला तर टक्केवारीत २० ची भर पडली, पण पाणी २,२५२ वरून ३,३७८ झाले, म्हणजे ५० टक्के वाढले. याच्या पुढची पायरी जायकवाडीची. समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्रात १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या, म्हणजे नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. जायकवाडीची उपयुक्त क्षमता सुमारे ७७ टीएमसी (अब्ज घनफूट), मृतसाठ्यासह सुमारे १०३. ६५ टक्के उपयुक्त साठ्याचे धरले तर ५०, एकूण साठ्याचे धरले तर ६७. मधला फरक १७ टीएमसीचा, गंगापूरसारख्या तीन धरणांइतका. 'कशाचे टक्के' या प्रश्नाला इथे नदीच्या पाण्याचा हक्क टांगलेला आहे.

निकालाचे उदाहरण मुलांच्या अधिक जवळचे. दहावीच्या परीक्षेत नाशिक विभागाचा निकाल २०२४ मध्ये ९५.२८ टक्के होता, २०२५ मध्ये ९३.०४. निकाल २.२४ ने घसरला, असे म्हटले की फारसे काही वाटत नाही. आता दुसऱ्या बाजूने पाहा. नापासांचे प्रमाण ४.७२ वरून ६.९६ वर गेले. म्हणजे शेकडा ४७ हून जास्त वाढ, जवळपास दीडपट. आकडे तेच. पास झालेल्यांकडून पाहिले तर किरकोळ घसरण, नापास झालेल्यांकडून पाहिले तर मोठी उडी. यांतले कोणते मांडायचे हे मांडणाऱ्याच्या हेतूवर ठरते, आणि हे ओळखता येणे हेही गणितच आहे.

जनगणनेतून अंदाजाचा सराव मिळतो. नाशिक शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १०,७७,२३६ होती, २०११ मध्ये १४,८६,०५३. मोठे आकडे पाहून मुले कॅल्क्युलेटर शोधतात. ते बाजूला ठेवून १०.८ आणि १४.९ घ्यावे, वाढ ४.१, म्हणजे १०.८ च्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, निम्म्याहून कमी. अचूक उत्तर ३७.९५ टक्के. मग विचारावे, याच गतीने आणखी दहा वर्षे गेली तर वीस वर्षांची वाढ ७६ टक्के का? १.३८ गुणिले १.३८ बरोबर १.९०, वाढ ९० टक्के.

आणि मुलांच्या दप्तरातले. २२ सप्टेंबर २०२५ पासून कंपासपेटीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि वह्यांवरचा १२ टक्के पूर्ण गेला. कंपासपेटी ७ टक्क्यांनी स्वस्त व्हावी का? करापूर्वीची किंमत १०० धरली तर ११२ ची १०५ झाली. ११२ मागे ७, म्हणजे सोळावा हिस्सा, बरोबर ६.२५ टक्के. जुन्या हिशेबात रुपयामागे एक आणा. वह्यांची घट १२ टक्के नाही, ११२ मागे १२, म्हणजे १०.७. दुकानदाराने कपात पूर्ण दिली का, हे जुने आणि नवे बिल शेजारी ठेवून मुलांनाच तपासता येते.

परीक्षा आणि शिक्षकांची खोली

हे सगळे ऐकून कोणीही शिक्षक म्हणेल, वेळ कुठे आहे? आक्षेप खरा आहे. शिष्यवृत्ती परीक्षा, एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती, बहुपर्यायी प्रश्न, एका प्रश्नाला मिनिटभर. तिथे सूत्र आणि ट्रिक जिंकतात. शिवाय ग्रामीण शाळांत एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात आणि शाळाबाह्य कामे वेगळीच. पण बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय याच चुकांवर बेतलेले असतात. बुटांच्या उदाहरणाला पर्याय दिले तर त्यांत ७६८ नक्की असेल. मूळ रक्कम ओळखणाऱ्याला तो पर्याय खोटा आहे हे आकडेमोडीआधीच कळते. म्हणजे ही रीत परीक्षेचा वेळ वाचवते.

शिक्षकांच्या तयारीसाठी साहित्य त्यांच्याच पगारपत्रकात आहे. केंद्राने जुलै २०२४ पासून महागाई भत्ता मूळ वेतनाच्या ५० वरून ५३ टक्के केला. राज्यानेही तो नंतर दिला. बातमी आली, 'भत्त्यात तीन टक्के वाढ'. मूळ वेतनाच्या मानाने तीन टक्के खरे. भत्ता स्वतः ५० चा ५३ झाला, म्हणजे सहा टक्के वाढला. आणि मूळ वेतन व भत्ता मिळून १५० चे १५३ झाले, म्हणजे दोन टक्के. केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास या तीन उत्तरांवर चर्चा झाली, तर प्रशिक्षणाच्या पुस्तिकेहून जास्त काम होईल; आणि वर्गातल्या मुलाने दिलेले 'चुकीचे' उत्तर वेगळ्या मूळ रकमेचे बरोबर उत्तर असू शकते, हे शिक्षकाच्या मनात पक्के बसेल.

करता येण्याजोगे

इयत्तावार मांडायचे तर : पाचवी-सहावीत ५०, २५, १० आणि १ टक्का पट्टीवर दाखवून अंदाज बांधायला शिकवावे, कागद-पेन्सिल न घेता. सहावीच्या शेवटी नफा-तोट्याबरोबरच वाढ-घटीची पट यावी. सव्वापट, दीडपट, पाऊणपट या ओळखीच्या शब्दांवरून १.२५, १.५, ०.७५ कडे. सातवीत उलटी उदाहरणे, प्रत्येकाला ताळा सक्तीचा. आठवीत लागोपाठचे बदल, आणि चक्रवाढ व्याज हे त्यांचेच एक रूप म्हणून. नववी-दहावीत बातमी, बिल, पगारपत्रक, धरणाचा तक्ता. मूळ रक्कम न सांगितलेली उदाहरणे, जिथे एकाहून जास्त बरोबर उत्तरे निघतात आणि प्रत्येक उत्तराबरोबर ते कशाचे हे सांगावे लागते.

राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आहे. सहावी-सातवीची नवी गणिताची पुस्तके मुलांच्या हाती पडायला वेळ लागेल, आणि ती लिहिणाऱ्यांनी गुणक सूत्राच्या पोटातून बाहेर काढून शतमानाच्या पाठातच आणावा, अशी अपेक्षा आहे. तोवर थांबण्याचे मात्र कारण नाही. आजच्याच सरावसंचात प्रत्येक उदाहरणाखाली पहिली ओळ 'शंभर टक्के म्हणजे अमुक' अशी लिहून घ्यावी आणि घटक चाचणीत त्या ओळीला स्वतंत्र एक गुण ठेवावा. गुण मिळतो म्हटल्यावर मुले ती ओळ लिहितात. लिहिता लिहिता ती विचारायची सवय होते. पाच वर्षांच्या पाठांपेक्षा या एका ओळीने चुका जास्त कमी होतील, आणि किती टक्क्यांनी कमी झाल्या ते शिक्षकाला मागच्या वर्षीच्या वह्यांशी ताडून काढता येईल. अर्थात, कशाचे टक्के, हे आधी ठरवून.